दुसरी वेलांटी

"मावशी, जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय नावांवर."

मी सरकले. शाळेतल्या नव्या बाईंनी मोबाईल दगडासमोर धरला, एक डोळा बारीक केला, फोटो काढला आणि तो बघून तोंड वाकडं केलं.

"छे! नुसतं राखाडी दिसतंय. यातून तो कारागीर काय वाचणार, कपाळ?"

"ओला करा की दगड," धाकटी मावशी म्हणाली. ती बादली घेऊनच उभी होती. "ओला केला की अक्षर वर येतं. या मोठ्या मावशींनीच शिकवलंय मला. दुसरं काही शिकवलं नाही, एवढं शिकवलं."

"दुसरं तुला येत होतं कुठे शिकायला," मी म्हटलं.

आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या बाईला मुलं मावशीच म्हणतात. बाई बदलते, मावशी बदलत नाही. मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली आणि माझ्या जागी ही आली. दोघी एकदम आवारात असलो की कोणती मावशी म्हणून घोळ होतो, म्हणून मी मोठी आणि ती धाकटी.

येत्या सोमवारी पुलाचा दिवस होता. हल्लीच्या मुलांना तो पुस्तकातला एक धडा म्हणून माहीत असतो. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी राजधानीत मुलांचा मोठा मेळावा भरला होता आणि त्यासाठी अकरा शाळांची मुलं एका खास आगगाडीने निघाली होती. नदीला पूर होता. गाडी पुलावर असताना पूल गेला. तेव्हापासून देशातल्या सगळ्या शाळा तो दिवस पाळतात. इतर शाळांत दोन मिनिटं शांत उभं राहतात. आमच्या शाळेत नावं वाचतात, कारण त्या गाडीत आमची एकोणीस मुलं होती, दोन शिक्षक होते आणि माझी ताई होती.

फाटकाजवळचा हा दगड तेव्हाचाच. उन्हापावसाने त्याची अक्षरं बुजत आली होती, म्हणून यंदा नवा काळा दगड बसवायचं ठरलं होतं. जुनी यादी कार्यालयातल्या कपाटात होती, ती कपाटासकट वाळवीने खाल्ली. यादी संध्याकाळपर्यंत कारागिराकडे जायला हवी होती. मग कोणाला तरी आठवलं, की मोठ्या मावशींना ती नावं येतात.

मी आले ती पिशवीत एक कागद घालून आले होते. तेवीस वर्षांपूर्वीचा. नवा दगड एकदा बसला, की पुन्हा पन्नास वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही, एवढं मला कळत होतं. तोवर मी कुठली असायला!

"मी वाचते," मी नव्या बाईंना म्हटलं. "तुम्ही टिपा."

धाकटीने दगडावर पाणी ओतलं. मी खाली बसले, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागले.

लोक क कमळाचा शिकतात. माझा क तिसऱ्या ओळीतल्या पोराचा आहे. घंटा झाली की तो दोन्ही कानांत बोटं घालायचा, असं ताई सांगायची. माझा ग सातव्या ओळीतल्या मुलीचा. ती वर्गात कधी बोलायची नाही आणि घरी गेली की बोलायची थांबायची नाही. भ आहे तो एका भांडखोराचा, म आहे तो दोन जुळ्या भावांचा. त्या दोघांच्या नावांची सुरुवात एकच होती, म्हणून म मला लवकर पाठ झाला. ळ कोणाच्याच नावात नव्हता. तो मी सगळ्यांत शेवटी शिकले आणि अजूनही तो लिहिताना माझा हात अडखळतो.

या मुलांना मी फारसं पाहिलेलं नव्हतं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, घरीच असायचे. ताई संध्याकाळी यायची, पाय पसरून बसायची आणि एकेकाच्या नकला करून दाखवायची. ती गेली आणि तिच्या जागेवर मला घेतलं. पहिल्या दिवशी मी घंटा वाजवायला उभी राहिले, तर पहिलीतली एक मुलगी येऊन म्हणाली, "मावशी, नाडी बांध." तिने वर बघितलंसुद्धा नाही. मी नाडी बांधली. त्या क्षणापासून मी मावशी झाले आणि आधीची मावशी कोण होती, हे पुसायला सुरुवात झाली. पुसणारी मीच.

पहिल्या वर्षी हा दिवस कसा पाळायचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. वरून काही कागद आला नव्हता. मुलं मैदानावर रांगांत उभी होती आणि मागे त्यांचे आईबाप. मोठे सर, म्हणजे तेव्हाचे मुख्याध्यापक, बोलायला उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना. मग त्यांनी काय केलं, तर सगळ्या वर्गांची हजेरीपुस्तकं मागवली. आदल्या वर्षीची. आधी पाचवीचं उघडलं आणि गाडीत गेलेल्या मुलांची नावं हजेरी घ्यावी तशी घ्यायला लागले. पहिलं नाव झालं. सगळीकडे शांत. दुसरं झालं. तिसरं नाव घेतलं, त्या क वाल्या पोराचं, आणि सहावीच्या रांगेतून आवाज आला, "हजर!"

त्याच्या शेजारी बसणारा मुलगा होता तो. मित्राला उशीर झाला की तोच त्याची हजेरी लावायचा, दोनदा त्यासाठी मारही खाल्ला होता. त्या दिवशी सवयीने तोंडातून निघून गेलं. पोर पांढरंफटक पडलं. आता याला सर फाडून खाणार, असं मला वाटलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुढचं नाव घेतलं. या वेळी दोघं तिघं म्हणाले, "हजर." त्यापुढच्या नावाला सगळी सहावी म्हणाली.

तेव्हापासून ती आमच्या शाळेची रीतच झाली. ज्या वर्गातलं मूल गेलं, त्या वर्गात आज जी मुलं बसतात ती त्याच्या नावाला हजर म्हणतात. दोन शिक्षकांना शिक्षक म्हणतात. बाकी सगळं वर्षागणिक बदलत गेलं. मध्ये काही वर्षं भाषणांच्या स्पर्धा असायच्या, तेव्हा एक मुलगा पुलाचं भाषण विसरून भलत्याच पुढाऱ्याच्या जयंतीचं भाषण करून गेला होता आणि त्याला तिसरा नंबर मिळाला होता. मग चित्रं आली. मुलं गाडी काढायची आणि प्रत्येक खिडकीत एक हसरं तोंड. हसरं का, असं विचारलं तर म्हणायची, "पूल अजून आलेला नाही ना." मग भोंगे आले, पडदे आले. पण नावं राहिली. हजर राहिलं.

फक्त शेवटच्या ओळीला कोणी काही म्हणायचं नाही. ती ओळ वाचली जायची आणि मग शांतता. पहिल्या काही वर्षांत मला वाटायचं, ताईचा वर्ग नाही म्हणून कोणी ओ देत नाही. वाचणारी मुलं शेवटाला येईपर्यंत घाईत असायची, आवाज बारीक व्हायचा आणि मी मैदानाच्या पार टोकाला घंटेपाशी उभी. ते काय वाचतात, ते मला कधी ऐकू आलं नाही. ताईचंच नाव असणार. दुसरं काय असेल?

दरवर्षी या दिवसाआधी चित्रकलेचे सर दगडावरची अक्षरं रंगवायचे. मी दगड धुऊन द्यायचे आणि रंगाचा डबा धरायचे. एका वर्षी मी म्हटलं, "सर, शेवटची ओळ मी रंगवते. माझ्या ताईची आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ब्रश दिला. "रंगवा," म्हणाले.

तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. रांगोळी काढावी तशी मी ती ओळ रंगवायचे, खाचेतून बाहेर थेंब जाऊ द्यायचे नाही. बाकीच्या ओळींपेक्षा ती आखूड होती. ताईचं नाव दोनच अक्षरांचं, हाकेला सोपं, म्हणून ओळ आखूड, असा माझा हिशेब. रंग वाळला की बोट फिरवून बघायचे. अशी अकरा वर्षं मी ती ओळ रंगवली. घरातल्या भिंतीला मी कधी इतका जीव लावला नाही.

मग सरांचा हात थरथरायला लागला. ते म्हणाले, "मावशी, आता वरच्या ओळीही तुम्हीच रंगवा. पण मग हे कोण ते कळायला हवं तुम्हाला." आणि ते एकेक ओळ वाचून दाखवायला लागले. हे अक्षर अमुक, हा काना, ही मात्रा. एका वर्षी पाच सहा ओळी, बस्स. शेवटची ओळ मात्र मी जुन्या सवयीने, न वाचताच रंगवायचे. मी चाळिशी ओलांडलेली. वर्षभर वर्गांतले फळे पुसायच्या आधी मी त्यांवरची ओळखीची अक्षरं शोधायचे. पहिलीची मुलं मला हसायची. मी त्यांना म्हणायचे, "हसा. तुम्हाला बाराखडी कळते, मला ती माणसं माहीत आहेत."

चौथ्या वर्षी मी एकटीच रंगवत होते. शेवटच्या ओळीवर आले, ब्रश टेकवला आणि थांबले. समोर क होता. तोच, कानांत बोटं घालणाऱ्याचा. जरा पुढे आणखी एक क.

सर बाकावर बसले होते.

"सर," मी म्हटलं, "ताईच्या नावात क नाही."

"माहीत आहे मला."

"मग हे दोन क कोणाचे?"

"वाचा. येतंय आता तुम्हाला."

मी बोट ठेवून वाचलं. व. एक. मग से. मग वि. मग का.

"व एक सेविका," मी म्हटलं. "सेविका म्हणजे?"

"म्हणजे... शाळेत काम करणारी."

"म्हणजे मी?"

सरांनी खिशातून रुमाल काढला.

"म्हणजे इतकी वर्षं मी माझीच ओळ रंगवत होते?"

"रागवा," सर म्हणाले. "रागवायलाच हवं तुम्ही. त्या वर्षी तुम्ही ब्रश मागितलात तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर गेल्या वर्षी का नाही, असं विचाराल. मग ते वाढतच गेलं."

"मग अक्षरं कशाला शिकवलीत?"

"कधीतरी तुम्ही त्या ओळीपर्यंत पोचावं म्हणून." ते हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होते. "आणि लवकर पोचू नये, म्हणून सावकाश शिकवली."

दगड घडवला तेव्हा काय झालं, ते सरांनी मला त्या दिवशी सांगितलं. मुलांची नावं हजेरीपुस्तकातून घेतली, शिक्षकांची त्यांच्या यादीतून. ताई कुठल्याच यादीत नव्हती. कारकून नवा होता. त्याने चार जणांना विचारलं, मावशींचं नाव काय हो? सगळे म्हणाले, मावशी. कारागीर खोळंबला होता. कारकुनाने लिहून दिलं. कोणी मुद्दाम केलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं.

मी अर्ज करायचं ठरवलं. स्वतःच्या हाताने लिहिलेला, आयुष्यातला पहिला. चित्रकलेचे सर त्याच वर्षी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते, म्हणून मी एकटीनेच लिहिला. तीन दिवस लागले. माझी ताई या शाळेत होती, ती पुलावर गेली, दगडावर तिची ओळ आहे पण नाव नाही, ते घालावे, आपली मावशी. एवढंच, पण मला ते डोंगराएवढं वाटलं. तो मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवला. आठवड्याने कारकुनाने तो परत माझ्या हातात दिला. खाली लाल शाईने तीन शब्द होते आणि सही.

मी तो घंटेखाली उभी राहून वाचला. पहिला शब्द, नाव. शेवटचा शब्द, नाही. मधला शब्द मी कधी ऐकलेला नव्हता. नमूद. न ने सुरू होणारा एकच सरकारी शब्द मला माहीत होता, नामंजूर. माझ्या रजेचे अर्ज कारकून लिहून द्यायचा, त्यांवर तो बरेचदा यायचा. हा त्याचाच धाकटा भाऊ असणार. आणि अर्थाला काय हवं आणखी? नाव, काहीतरी, नाही. लाल शाईत.

कोणाला विचारायचं माझ्या जिवावर आलं. नुकतीच वाचायला शिकलेली बाई, पहिलाच अर्ज, तोही असा. मी तो घडी घालून ट्रंकेत टाकला. त्यानंतर पंधरा वर्षं मी नोकरी केली आणि पंधरा वेळा मैदानावर ते ऐकलं, कारण आता काय वाचतात ते मला माहीत होतं. व एक सेविका. मग ती शांतता. मी तिथेच उभी असायचे. सेविका मीच होते, मला हजर म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं. नाव घ्या, मग म्हणते. मीही ताईचीच बहीण.

"एकवीस झाली," नव्या बाई म्हणाल्या. त्या मोबाईलवर भराभर टिपत होत्या. "आणि ही शेवटची?"

"ती तुम्ही वाचा."

त्या वाकल्या. "व एक से... सेविका. हे असंच लिहायचं?"

"थांबा," मी म्हटलं. पिशवीतून कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता. "हे बघा आधी. एकदा नामंजूर झालंय, मला ठाऊक आहे. पण दगड नवा, माणसं नवी. पुन्हा विचारून बघायला काय जातंय?"

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, हे नामंजूर कुठे आहे?"

"ते काय, लाल शाईत."

"असू दे लाल. अहो, नमूद म्हणजे लिहिलेलं. नाव नमूद नाही, म्हणजे नाव लिहिलेलं नाही. तुम्ही अर्जात नावच घातलं नाहीत!"

"घातलंय की." मी बोट ठेवून दाखवलं. "ताई."

धाकटी मावशी आधी हसली. "अहो मोठ्या मावशी, ताई काय! सगळ्या जगाची ताई आहे का ती?" मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिने बादली खाली ठेवली.

मी दगडाच्या कट्ट्यावर टेकले. तेवीस वर्षं. म्हणजे नाही असं कोणी म्हटलंच नव्हतं. मोठ्या सरांनी फक्त विचारलं होतं, की बाई, नाव काय? आणि मी उत्तर दिलं नाही. ते बिचारे वाट बघत निवृत्त झाले असतील. मीही झाले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"मुख्याध्यापिका मॅडमना विचारते." बाई फोन घेऊन झाडाखाली गेल्या. मला त्यांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. "हो, पूर्वीच्या... नाही, यादीत नाही... कागद? कागद आहे ना मॅडम. अर्ज आहे, मोठ्या सरांच्या सहीचा... नाही, नाकारलेला नाही. नाव तेवढं राहिलं होतं म्हणून परत केलेला." मग बराच वेळ त्या नुसत्या हं, हं करत होत्या. धाकटी माझ्या शेजारी येऊन बसली. ती माझा हातबित धरणाऱ्यातली नाही. तिने नुसतं विचारलं, "पाणी हवं का?" आणि तेही बादलीकडे बघत.

बाई परत आल्या. "नाव द्या म्हणाल्या. सांगा."

मी सांगितलं.

किती दिवसांनी ते माझ्या तोंडून निघालं होतं! दोनच अक्षरं. बाईंचा अंगठा मोबाईलवर गेला आणि तिथेच थांबला.

"पहिली वेलांटी की दुसरी?"

"काय?"

"पहिल्या अक्षराला. ऱ्हस्व की दीर्घ? दोन्ही तऱ्हांनी लिहितात हे नाव. तुमच्या ताई कशा लिहायच्या?"

"ती लिहायची नाही. अंगठा करायची."

"घरात कुठे लिहिलेलं असेल? जुना कागद?"

आमच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतंच. ताईचं नाव बोललं गेलं, ओरडलं गेलं, कोणी ते कधी कागदावर टेकवलं नाही. शाळेत एखाद्या कागदावर असेल, तर तो वाळवीच्या पोटात. आईवडील गेले. चित्रकलेचे सर गेले. जिला विचारावं, अशी एकच होती आणि तिला आलं नसतं.

"कोणतीही टाका ना बाई," धाकटी म्हणाली. "वाचायला सारखंच."

"दगडावर जाणार आहे," बाई म्हणाल्या. "मावशींनाच ठरवू दे."

मी त्या बुजलेल्या ओळीकडे पाहिलं. सेविकातली वेलांटी पहिली होती. ती मी कितीदा रंगवली होती, ताईची समजून. आणि मग मला ती सकाळ आठवली. ती मी सहसा आठवत नाही.

ताईने कधी आगगाडी पाहिली नव्हती. आदल्या दिवसापासून तिच्या अंगात आलं होतं. पहाटेच उठली, बोचकं बांधलं आणि जाताना माझा कंगवा उचलून नेला. घरात एकच धड कंगवा, तोही माझा, तिचा कधीच मोडलेला. माझ्या लक्षात आलं तेव्हा ती अंगण ओलांडून रस्त्याच्या वळणाला लागली होती. मी केस मोकळे सोडलेले, तशीच दारात आले. एरवी मी तिला ताई म्हणायचे. पण रागावले की नावाने, तेही पहिलं अक्षर ताणून, पार वळणापर्यंत पोचेल असं. तशी हाक मारली.

ती वळली. कंगवा हातात उंच धरून हलवला आणि ओरडली, "एकोणीस डोकी आहेत! विस्कटलेली नेऊ का राजधानीत?" आणि हसत गेली. मी तिच्या पाठीवर आणखी एकदा हाक मारली, आणखी लांब. तिला ऐकू गेली नसेल. गेली असेल तर तिने ओ दिली नाही.

"दुसरी," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"दुसरीच. माझी हाक लांब होती."

बाईंनी दुसरी दिली. मोबाईल माझ्यापुढे धरला. उन्हात मला नीट दिसेना, तेव्हा धाकटीने हाताची सावली केली. माझ्या बहिणीचं नाव मी पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं. क नव्हता त्यात.

सोमवारी मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. नवा दगड काळाभोर, अक्षरं पांढरी. सातवीतली एक मुलगी वाचायला उभी राहिली. चेहऱ्यावरून हुशार वाटत होती आणि गुडघ्यावर खरचटलेलं होतं. एकेक नाव होत गेलं. वर्ग ओ देत गेले. हजर. हजर. पहिलीच्या पिल्लांना कळतच नव्हतं, ती प्रत्येक नावाला हजर म्हणत होती आणि त्यांच्या बाई डोळे वटारत होत्या. दोन शिक्षकांची नावं झाली, शिक्षक म्हणाले.

मी ठरवून आले होते. रात्री दोनदा म्हणूनही बघितलं होतं. खुर्चीच्या हातांवर भार देऊन मी उठायला लागले.

मुलीने शेवटची ओळ बघितली. दुसरी वेलांटी होती, म्हणून तिने ते अक्षर लांबवलं, शाळेत शिकवतात तसं, नीट, पूर्ण. वळणापर्यंत पोचेल इतकं लांब.

मी अर्धवट उठलेली तशीच थांबले. मैदानावर तीच शांतता आली, ओळखीची.

"हजर!"

आवाज मागून आला, घंटेपाशी उभ्या असलेल्या माणसाचा. काही मुलांनी वळून पाहिलं. धाकटी मावशी समोर बघत उभी होती, घंटेची दोरी हातात, जणू तिने काही केलंच नव्हतं. मग तिने दोरी ओढली.

मी परत खुर्चीत बसले.

मुलं वर्गांत गेल्यावर ती माझ्याजवळ आली. कानामागे बट सारत म्हणाली, "काही चुकलं का हो माझं? म्हटलं, आमच्यातली आहे, तर आमच्यातल्या कोणीतरी म्हणायला नको? नंतर वाटलं, तुम्ही म्हणणार होता की काय."

"नाही गं," मी म्हटलं. "मी हाक मारणारी. ओ दुसऱ्या कोणीतरी द्यायची असते."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि खुर्च्या उचलायला लागली.